रुळांवरची चौकशी : रेल्वे सुरक्षा आयोगाची वाटचाल

रेल्वेला मोठा अपघात झाला की त्याची वैधानिक चौकशी करणारा अधिकारी रेल्वे मंत्रालयाच्या हाताखालचा नसतो. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीतला असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटते. विमानांचे खाते आणि रुळांची चौकशी यांचा संबंध काय, असा प्रश्न रेल्वेत आयुष्य घालवलेल्या माणसांनीही आम्हाला विचारला आहे. रेल्वे सुरक्षा आयोगाचा सारा इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावला आहे, म्हणून या स्मरणिकेत तो जरा सविस्तर सांगतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली तेव्हा रेल्वे खासगी कंपन्यांची होती. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली, त्यामुळे पैसा कुठे आणि कसा खर्च होतो हे पाहायला सरकारने सल्लागार अभियंते नेमले. कंपनीने बांधलेला मार्ग, पूल, बोगदे तपासायचे आणि मगच गाडी सोडायला परवानगी द्यायची, हे काम त्यांच्याकडे आले. पुढे सरकार स्वतःच रेल्वे बांधू लागले, तेव्हा हेच अभियंते सरकारी निरीक्षक झाले. १८८३ साली त्यांच्या पदाला कायद्याचा आधार मिळाला. १८९०च्या रेल्वे कायद्याने तो पक्का केला.

यामागे इंग्लंडचा नमुना होता. तिथे १८४०मध्ये रेल्वे निरीक्षणालय सुरू झाले आणि निरीक्षक म्हणून लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्समधले अधिकारी घेतले गेले. त्यांना बांधकाम कळत होते आणि कोणत्याही रेल्वे कंपनीत त्यांचा पैसा किंवा नोकरी अडकलेली नव्हती. कंपनीला दंड करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. चौकशी करायची, अहवाल लिहायचा आणि तो छापून सर्वांपुढे ठेवायचा, एवढेच त्यांचे बळ. छापील अहवाल लोकांच्या, पार्लमेंटच्या आणि वर्तमानपत्रांच्या हाती पडत असल्यामुळे कंपन्यांना तो टाळता येत नसे. भारतात निरीक्षकाचे पद आले, पण अहवाल छापून प्रसिद्ध करण्याची ती रीत त्याच जोमाने आली नाही. याचे परिणाम आपण आजही भोगतो आहोत.

१९०५ साली रेल्वे बोर्ड स्थापन झाले आणि सरकारी निरीक्षक बोर्डाच्या हाताखाली गेले. गाड्या चालवणारे बोर्ड, नियम करणारे बोर्ड, आणि त्या गाड्यांना अपघात झाला तर चौकशी करणाऱ्याची बदली आणि बढती ठरवणारेही बोर्डच. निरीक्षक कितीही सचोटीचा असला तरी ही रचना त्याच्यावर अन्याय करणारी होती. त्याने रेल्वेला निर्दोष ठरवले तर लोक विश्वास ठेवणार नाहीत, आणि दोषी ठरवले तर त्याला स्वतःच्याच वरिष्ठांसमोर उभे राहावे लागणार.

ही अडचण १७ जुलै १९३७ रोजी उघडी पडली. त्या दिवशी पाटण्याजवळ बिहटा येथे ईस्ट इंडियन रेल्वेची हावड्याकडे जाणारी पंजाब एक्सप्रेस रुळांवरून घसरली. शंभराहून अधिक माणसे दगावली. गाडीला ‘एक्सबी’ वर्गाचे पॅसिफिक जातीचे इंजिन होते. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी आणि मागे दोन, अशी या इंजिनांची ठेवण. वेग वाढला की ती डावी-उजवीकडे हेलकावे घेत आणि त्या धक्क्यांनी खालचा रूळच वाकडा होई, हे चालकांना आणि मार्गाची देखभाल करणाऱ्यांना आधीपासून माहीत होते. ही इंजिने रेल्वेच्या मानक नमुन्यांतली, मोठ्या संख्येने घेतलेली. म्हणजे दोष इंजिनाच्या रचनेत आहे असे ठरले, तर बोट थेट ती इंजिने पसंत करणाऱ्यांकडे वळणार होते. सर जॉन थॉम यांनी न्यायालयीन चौकशी केली, आणि त्यानंतर पॅसिफिक इंजिनांचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली गेली. ब्रिटिश रेल्वे निरीक्षणालयाचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल माउंट तिचे अध्यक्ष होते आणि नामांकित इंजिन-अभियंते विल्यम स्टॅनियर एक सदस्य. समितीचे काम इंजिने आणि रूळ यांच्यापुरते होते. तरीही १९३९च्या अहवालात तिने निरीक्षणालय बोर्डापासून वेगळे करण्याचा विषय काढला. बोर्डानेही या बदलाला विरोध केला नाही.

१९३५च्या भारत सरकार कायद्यात हे तत्त्व आधीच आले होते : प्रवाशांच्या आणि रेल्वे कामगारांच्या सुरक्षिततेचे काम रेल्वे चालवणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र अधिकाऱ्याकडे असावे. महायुद्धामुळे त्या कायद्यातली संघीय रेल्वे यंत्रणा कागदावरच राहिली. पण १९४०मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने निरीक्षकांना बोर्डाबाहेरच्या खात्याखाली ठेवण्याची शिफारस केली, आणि मे १९४१मध्ये निरीक्षणालय टपाल व हवाई खात्याकडे सोपवले गेले. पुढे विमान वाहतूक ज्या मंत्रालयाकडे गेली, त्याच्या पाठोपाठ निरीक्षणालयही गेले. विमानांशी नाते असे जुळले. ते कोणी तांत्रिक कारणाने ठरवलेले नव्हते. रेल्वेच्या छताखालून बाहेर पडायला एक दुसरे छत हवे होते, इतकेच. ऐन युद्धात, गाड्या सैन्य आणि दारूगोळ्याने भरून धावत असताना हे पाऊल उचलले गेले, याचे महत्त्व आम्हाला फार वाटते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी कसोटी १९५६ची. सप्टेंबरमध्ये महबूबनगरजवळ पूल कोसळून शंभराहून अधिक प्रवासी गेले. नोव्हेंबरमध्ये तामिळनाडूतल्या अरियलूरजवळ पुराने पुलापाशी मार्ग वाहून गेला आणि एकशे चाळीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला आणि तो स्वीकारला गेला. शास्त्रीजींचा तो राजीनामा देशाने आदराने लक्षात ठेवला, आणि ठेवायलाच हवा. पण त्या राजीनाम्याने पुलाखाली पाणी जायला जागा किती हवी, पावसाळ्यात गस्त कशी हवी, हे प्रश्न सुटत नाहीत. ते काम निरीक्षकाचे, आणि ते संथ असते. नैतिक जबाबदारी घेणे आणि कारण शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकांना पहिली लगेच दिसते, दुसरीला काही महिने लागतात.

१९६१मध्ये निरीक्षणालयाचे नाव रेल्वे सुरक्षा आयोग झाले. मुख्यालय लखनौला. मुख्य आयुक्त तिथे बसतात आणि देशभर विभागवार आयुक्त काम पाहतात. मुंबईतही आयोगाची कार्यालये आहेत. १९८९च्या रेल्वे कायद्याने आयुक्तांचे अधिकार आणि कर्तव्ये नव्याने मांडली. प्रवासी गाडीच्या अपघातात जीव गेला किंवा कोणी गंभीर जखमी झाले की आयुक्तांनी चौकशी करायची.

ही चौकशी प्रत्यक्षात कशी चालते, ते बाहेर फारसे कोणाला माहीत नसते. आयुक्त घटनास्थळी पोहोचतात तेव्हा क्रेन आलेली असते, गॅस कटरने डबे कापले जात असतात, नातेवाईक रुळांवर उभे असतात. या गर्दीत जे पाहायचे ते फार बारीक असते. गाडी घसरली असेल तर रुळाच्या माथ्यावर चाकाच्या कडेने ओढलेला ओरखडा शोधायचा. चाक जिथे रुळावर चढले ती जागा आणि जिथे खाली उतरले ती जागा, या दोन जागा ठरल्या की निम्मे कोडे सुटते. मग त्या बिंदूपासून मागे मागे जात दोन रुळांमधले अंतर आणि त्यांच्या उंचीतला फरक मोजायचा. रूळ तुटलेला असेल तर तुटलेला भाग पाहायचा : तो गंजून काळा पडलेला आहे की ताजा चकचकीत? जुना काळा डाग म्हणजे भेग आधीपासून होती, आणि तपासणीत ती निसटली. ताजी तुटलेली बाजू वेगळे काही सांगते. सिग्नलचे प्रकरण असेल तर रिले रूमला सील ठोकायचे आणि डेटा लॉगरची नोंद ताब्यात घ्यायची. प्रत्येक खात्याचे पर्यवेक्षक मिळून जागेवरचे संयुक्त टिपण करतात, आणि ज्याचे मत वेगळे असेल त्याने ते तिथेच लिहून सही करायची. सिग्नलवाले मार्गाकडे बोट दाखवतात, मार्गवाले डब्यांकडे, डबेवाले चालकाकडे. हा जुना आणि सगळ्यांना ठाऊक असलेला खेळ आहे. आयुक्तांना तो ओळखता आलाच पाहिजे.

त्यानंतर वर्तमानपत्रांत निवेदन येते. अमुक दिवशी अमुक ठिकाणी चौकशी आहे, ज्यांना अपघाताविषयी काही माहिती आहे त्यांनी येऊन सांगावे किंवा लेखी कळवावे. डब्यातला प्रवासी, शेतात काम करणारा माणूस, फाटकाजवळचा चहावाला, कोणीही येऊ शकतो. आयोगाच्या कामातला हा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो.

या साऱ्यावर दोन बाजूंनी दबाव येतो. एक दबाव सर्वांना दिसतो : दोषी कोण, ते आज संध्याकाळपर्यंत सांगा. दुसरा दिसत नाही : गाड्या लवकर सुरू करा. खोळंबलेले प्रवासी, अडकलेली मालवाहतूक, मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर दिलेली वेळ. ओडिशातल्या बालासोरच्या २०२३मधल्या अपघातानंतर अवघ्या ५१ तासांत त्या मार्गावरून गाडी धावली, आणि ते कौतुकाने सांगितले गेले. रात्रंदिवस राबलेल्या कामगारांचे कौतुक व्हायलाच हवे. पण मार्ग मोकळा होताना पुरावाही हलतो. जे मोजले, टिपले आणि फोटोत घेतले तेवढेच उरते. म्हणून नुकसान दुरुस्त करण्याआधी खुणा नोंदवण्याची शिस्त पाळली जाणे हा निष्पक्षपातीपणाचा अगदी पहिला भाग आहे. टेप लावून मोजलेल्या आकड्याला कोणाचीही बाजू घेता येत नाही.

बालासोरच्या बाबतीत दबावाचे रूप भीषण होते. २ जून २०२३च्या संध्याकाळी बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. तिथे लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. कोरोमंडल तिच्यावर आदळली आणि तिचे डबे शेजारून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा गाडीच्या शेवटच्या डब्यांवर पडले. २९० हून अधिक माणसे गेली. पहिल्या काही तासांतच समाजमाध्यमांवर घातपाताच्या कथा फिरू लागल्या. जवळच्या एका देवळाचा फोटो मशीद म्हणून पसरवला गेला, आणि कर्मचाऱ्यांचा धर्म काय याची चर्चा सुरू झाली. अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई करू, असा इशारा ओडिशा पोलिसांना द्यावा लागला. काही दिवसांत सीबीआयचा तपासही सुरू झाला. या गदारोळात आयुक्तांची चौकशी खरगपूरला चालली. जे बाहेर आले ते कोणत्याही अफवेपेक्षा साधे आणि त्यामुळेच जास्त हादरवणारे होते. स्थानकाच्या उत्तर बाजूच्या सिग्नल गुमटीत काही वर्षांपूर्वी सर्किटमध्ये केलेला बदल चुकीचा होता, आणि ९४ क्रमांकाच्या फाटकावर बॅरियर बदलताना त्या दिवशी केलेल्या कामात ती चूक प्रकट झाली. आधीच्या वर्षी खरगपूर विभागातच दुसऱ्या एका स्थानकावर अशाच चुकीच्या जोडणीने घोटाळा झाला होता. त्यावर वेळीच उपाय झाले असते तर हा अपघात टळला असता, असे अहवालाने म्हटले. घातपात करणारा एक माणूस सापडला असता तर सगळ्यांना हायसे वाटले असते. वायरिंगच्या नकाशावर कोणी सही केली, तपासणी कोणी केली, शिक्का कोणी मारला, हे शोधण्यात कोणालाच समाधान मिळत नाही, आणि तरीही तेच शोधावे लागते.

२०१६च्या नोव्हेंबरमध्ये कानपूरजवळ पुखरायाँ येथे इंदूर-पाटणा एक्सप्रेस घसरून दीडशेच्या आसपास प्रवासी गेले. तिथेही घातपाताची चर्चा निवडणुकीच्या सभांपर्यंत पोहोचली आणि राष्ट्रीय तपास यंत्रणा कामाला लागली. आयोगाने मात्र डब्यातल्या जुन्या, गंजून तुटलेल्या भागाकडे बोट दाखवले.

आमच्या मते आयोगाच्या अलीकडच्या कामातले सर्वांत महत्त्वाचे पान उत्तर बंगालमधल्या रंगापाणीचे आहे. १७ जून २०२४च्या सकाळी रंगापाणी आणि चत्तरहाट यांच्या दरम्यान कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. मालगाडीचा लोको पायलट जागीच गेला. काही तासांतच दिल्लीहून जाहीर झाले की मालगाडीच्या चालकाने सिग्नल धुडकावला. मृत माणसाला उत्तर देता येत नाही. त्याचा सहायक मेला असेही आधी सांगितले गेले. तो रुग्णालयात जिवंत होता. चालक आणि सहायक यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला, आणि ज्या प्रवासी महिलेच्या नावाने तक्रार होती तिने आपण तक्रार केलीच नसल्याचे माध्यमांना सांगितले.

आयुक्तांच्या चौकशीने चित्र पालटले. त्या दिवशी पहाटेपासून त्या पट्ट्यातले स्वयंचलित सिग्नल बंद पडले होते. स्टेशन मास्तरांनी गाड्यांना टी/ए ९१२ हा लेखी परवाना दिला होता, म्हणजे लाल सिग्नल ओलांडायची परवानगी चालकाच्या हातात होती. त्या कागदावर वेग किती ठेवायचा ते लिहिलेले नव्हते. मग आयुक्तांनी एक अगदी सरळ गोष्ट केली. सिग्नल बिघडल्यापासून त्या पट्ट्यात किती गाड्या गेल्या आणि त्या कशा गेल्या, ते पाहिले. अपघातग्रस्त दोन्ही धरून सात गाड्या होत्या. प्रत्येक बंद सिग्नलपाशी एक मिनिट थांबून ताशी १५ किलोमीटरच्या आत पुढे जाण्याचा नियम त्यातल्या फक्त कांचनजंगा एक्सप्रेसने पाळला होता. बाकी सहा गाड्यांनी पाळला नव्हता. सात चालकांपैकी सहा जण एका कागदाचा एकच चुकीचा अर्थ लावतात, तेव्हा दोष एका माणसाचा उरत नाही. प्रशिक्षणात, कागदाच्या नमुन्यात, वरच्यांच्या देखरेखीत कुठेतरी मोठे भोक आहे. हा अपघात होण्याची वाटच पाहत होता, असे अहवालाने स्पष्ट लिहिले. एका मृत चालकाच्या कपाळी लागलेला शिक्का असा पुसला गेला. तपासणीत इतर सहा गाड्यांची नोंद काढायचे कोणाला सुचले नसते, तर तो शिक्का कायम राहिला असता.

आयोगाच्या दुसऱ्या कामावरही असाच दबाव असतो, जरा कमी गाजणारा. नवीन मार्ग, नवीन पूल, नवीन गाडी यांना प्रवाशांसाठी खुले करण्याआधी आयुक्तांची तपासणी लागते. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे मेट्रोमुळे चांगले परिचयाचे आहे. उद्घाटनाची तारीख मंत्र्यांच्या सोयीने ठरलेली असते, आणि ‘सीएमआरएस प्रमाणपत्राची प्रतीक्षा’ अशी बातमी येत राहते. मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त म्हणजे याच कुळातला अधिकारी. त्याने दरवाजे, ब्रेक, आणीबाणीत प्रवासी बाहेर काढायची व्यवस्था यांतल्या त्रुटी लिहून सुधारणा मागितल्या की उशीर झाल्याचा ठपका त्याच्यावर येतो. हा ठपका त्याने बिनदिक्कत घ्यावा, यासाठीच तो त्या पदावर असतो.

आता आयोगाच्या उणिवा. आदर बाळगूनच त्या सांगायला हव्यात, नाहीतर हा इतिहास अर्धवट राहील.

पहिली म्हणजे माणसे. आयुक्त रेल्वेच्या अनुभवी अधिकाऱ्यांतूनच येतात. रेल्वेचे बारकावे बाहेरच्याला कळणार नाहीत, हे खरे. पण ज्या खात्यात आपण वाढलो, जिथे आपले सहकारी आहेत, त्याच खात्याच्या वरिष्ठांबद्दल लिहायचे, हे माणसाच्या मनाला जड जाणारच. १९४१मध्ये कचेरी बाहेर आली, पण माणसे अजून आतूनच येतात.

दुसरी म्हणजे दुहेरी काम. ज्या आयुक्ताने मार्ग खुला करायला परवानगी दिली, त्याच कार्यालयाकडे त्या मार्गावरच्या अपघाताची चौकशी येऊ शकते. ब्रिटनमध्ये हा प्रश्न १८७९च्या टे पुलाच्या दुर्घटनेतच आला होता. वादळात गाडीसह कोसळलेला तो पूल निरीक्षणालयानेच तपासून पास केला होता, आणि चौकशी मंडळावर निरीक्षणालयाचे प्रमुख कर्नल योलंड बसले होते. ब्रिटनने शेवटी ही दोन कामे वेगळी केली. लंडनमधल्या लॅडब्रोक ग्रोव्हच्या १९९९च्या अपघातानंतर, ज्यात ३१ जण गेले, न्यायमूर्ती कलन यांच्या चौकशीने शिफारस केली आणि २००५पासून रेल्वे अपघात तपासणीची स्वतंत्र शाखा तिथे काम करते. ती दोषारोप करत नाही, कारणे शोधते आणि अहवाल प्रसिद्ध करते.

तिसरी उणीव आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. आयोगाचा वार्षिक अहवाल कायद्यानुसार संसदेपुढे येतो, पण एकेका अपघाताचा पूर्ण अहवाल लोकांपर्यंत सहज पोहोचत नाही. बालासोरचा अहवाल, दुसरा तपास सुरू आहे या कारणाने, प्रसिद्ध केला गेला नाही. निष्कर्षांचा सारांश जुलै २०२३मध्ये राज्यसभेतल्या लेखी उत्तरातून आणि बाकीचा तपशील वर्तमानपत्रांतून कळला. लोकांचा संयम संपतो तो इथेच. अहवाल दडला की अफवेला मोकळे रान मिळते, आणि पुढच्या अपघाताच्या वेळी लोक आयुक्तांवर विश्वास ठेवायला तयार नसतात. निष्पक्ष चौकशी कपाटात ठेवली तर ती निष्पक्ष होती हे कोणाला कसे कळणार?

२०१२मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय सुरक्षा समितीने १०६ शिफारशींसह अहवाल दिला. डॉ. ई. श्रीधरन त्या समितीत होते. नियम करणे, गाड्या चालवणे आणि त्यांवर लक्ष ठेवणे ही सारी कामे रेल्वे बोर्डाकडे एकवटली आहेत, हे समितीने स्पष्टपणे नोंदवले. आणि खऱ्या अधिकाराचे, वैधानिक, स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरण सुचवले. बिहटाच्या अपघातानंतर माउंट समितीने जे सुरू केले, त्याच वाटेवरची ही पुढची पायरी होती. ते प्राधिकरण अजून उभे राहिलेले नाही. तोवर हे काम लखनौचे मुख्यालय आणि विभागीय आयुक्तांची छोटी फळी करते आहे. या फळीला हवे असलेले पहिले साहाय्य म्हणजे तिचा प्रत्येक अहवाल ठरावीक मुदतीत, मराठीसह त्या त्या भागाच्या भाषेत, स्थानकावर आणि संकेतस्थळावर पूर्ण छापून येणे. ही मागणी संसदेच्या पुढच्या अधिवेशनात आपल्या खासदारांनी लावून धरावी, अशी विनंती या स्मरणिकेच्या प्रती त्यांना पाठवताना आम्ही सोबत जोडत आहोत.